ग्रीसची गावठी कोंबडी: तिला जात म्हणायचं का?

रानजाई
कडकनाथच्या धाग्यावर मागे प्रश्न आला होता की युरोपात आपल्या गावरानसारखी कोंबडी उरली आहे का, की तिकडे सगळं पोल्ट्रीचंच. उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी अथेन्सला असते आणि माझं सासर अथेन्सच्या उत्तरेकडच्या बिओशिया भागातल्या एका गावात आहे. त्यामुळे जे लिहिते आहे ते ग्रीसपुरतं.

गावठी कोंबडी ग्रीसमध्ये आहे. लोक तिला ‘दोपिया’ म्हणतात, म्हणजे इथलीच. पण ती दिसते कशी, याचं एक उत्तर नाही. सासूबाईंच्याच अंगणात रानकोंबडीच्या वळणाची तपकिरी आहे, काळीकुळकुळीत आहे, राखाडी आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली आहे. एकीच्या डोक्यावर पिसांची शेंडी, एकीची मान उघडी. तुरा कुणाचा सरळ एकेरी, कुणाचा चपटा. अंगाने सगळ्या हलक्या आणि चपळ. खुराडं असूनही उन्हाळ्यात यातल्या निम्म्या संध्याकाळी ऑलिव्हच्या झाडावर चढून बसतात. अंडं लहान, पांढरं किंवा फिक्कट सायीच्या रंगाचं.

मग हिला एक जात का म्हणायचं? माझं उत्तर असं की रंगावरून नाहीच म्हणायचं, कामावरून म्हणायचं. ही कोंबडी खुडूक बसते. एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही, पिल्लं निघाली की त्यांना उकरायला शिकवते, वर ससाणा दिसला की वेगळा आवाज काढून सगळ्यांना झुडपात घालते. दाणा थोडा मिळाला तरी बाकीचं पोट गवत, किडे, पडलेली फळं यांवर भरते. पोल्ट्रीच्या संकरित कोंबडीला यातलं बरंचसं येत नाही. ती वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, आणि त्यासाठीच तिच्या पूर्वजांमधून खुडूकपणा पिढ्यानपिढ्या निवडून काढून टाकलेला आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणं थांबवते.

आता काळजीचा भाग. गावात वसंत ऋतूत भोंगा लावलेली गाडी येते आणि तयार तलंगा, म्हणजे अंड्यांवर आलेल्या तरुण कोंबड्या, विकते. म्हाताऱ्या माणसांना ते सोपं पडतं. चार तलंगा घ्या, लगेच अंडी सुरू. पण अशा घरात कोंबड्याची गरज उरत नाही, खुडूक कोंबडीची गरज उरत नाही, आणि त्या घरातला जुना वंश तिथेच थांबतो. कुणी मुद्दाम संपवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गाडी येते, एवढंच.

इथे कुक्कुटपालन केलेले, पशुवैद्यक शिकलेले, इतिहास वाचणारे बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं, अशा कोंबडीला जपायचं तर कसं जपायचं?

तळकोकणी
रानजाई ताई, वाचताना आमच्या मागल्या दाराचंच वर्णन चाललंय असं वाटलं. झाडावर चढून बसणं तर अगदी तसंच, आमच्याकडे फणसावर. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिकडे कोंबडा देवाला देतात का? आणि शिजवतात कसा? गावठी कोंबडा शिजायला वेळ घेतो, पोल्ट्रीच्या हिशोबाने केलं तर फसतं.

रानजाई
तळकोकणी दादा, देवळात नाही देत, पण घराचा पाया घालताना देतात. कोंबडा पायावर कापून रक्त कोपऱ्याच्या दगडावर पाडायचं, ही रीत ग्रीसच्या खेड्यांत अजून ऐकू येते. पाद्री येऊन पाण्याचा आशीर्वाद देतो तो वेगळा.

शिजवायचं म्हणाल तर म्हातारा कोंबडा लाल वाइन, टोमॅटो, दालचिनी घालून मंद आचेवर तासन् तास, आणि त्याच रश्शात घरच्या शेवया किंवा ‘हिलोपितेस’ नावाचे अंडी घातलेले पिठाचे तुकडे. कॉर्फू बेटावर जाड मॅकरोनीबरोबर ‘पास्तित्सादा’ करतात, तोही मुळात कोंबड्याचा. जुन्या कोंबडीचं सूप करून त्यात अंडं आणि लिंबू फेटून घालतात, ते आजारी माणसाला देतात. हे सगळे पदार्थ कठीण मांसाच्या, वय झालेल्या पक्ष्यासाठी बसवलेले आहेत. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरला एवढा वेळ दिला तर हाडं सुटून लगदा होतो. स्वयंपाकघरात गावठी पक्षी का हवा, याचं कारण सासूबाई इथूनच सांगतात.

इतिहासवेडा
धागा आवडला. थोडी जुनी माहिती जोडतो, कारण कोंबडीबद्दल इतकं जुनं आणि इतकं तपशीलवार लिखाण ग्रीसइतकं फार कमी ठिकाणी आहे.

कोंबडी ग्रीसची मूळची नाही. २०२२ मध्ये जुन्या हाडांच्या कालमापनावर जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाटची, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातली. भूमध्य समुद्राकाठी ती पोचली इ. स. पू. ८०० च्या सुमारास. होमरच्या महाकाव्यांत कोंबडा हा पक्षी येत नाही, हे त्याच्याशी जुळतं. इ. स. पू. ४१४ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘पक्षी’ या नाटकात कोंबड्याला ‘पर्शियन पक्षी’ म्हटलंय, म्हणजे तो पूर्वेकडून आला ही आठवण तेव्हाही ताजी होती.

ॲरिस्टॉटलने अंड्यातल्या पिल्लाची वाढ दिवसवार पाहिली होती. तीन दिवस-रात्री झाल्यावर पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तो हृदयाचा, आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, असं त्याने लिहिलं. त्यानेच ‘एड्रियाच्या’ कोंबड्यांबद्दल लिहिलं की त्या आकाराने लहान, रोज अंडं देणाऱ्या, पण तापट आणि स्वतःची पिल्लं मारणाऱ्या. डेलॉस या ग्रीक बेटाच्या लोकांबद्दल रोमन लेखक सिसेरो सांगतो की ते पोटासाठी इतक्या कोंबड्या पाळत की अंडं पाहून कोणत्या कोंबडीचं ते ओळखत.

आणि रानजाई, तुमच्या सासरच्या भागातलं तनाग्रा! पौसानियस या ग्रीक प्रवासलेखकाने दुसऱ्या शतकात लिहिलंय की तनाग्रात कोंबड्यांचे दोन वाण आहेत, एक झुंजीचे आणि दुसरे ‘कोसिफोई’, म्हणजे कस्तुर पक्ष्याच्या नावाचे. हे कावळ्यासारख्या रंगाचे, तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गल ॲनिमोनी फुलासारखे लालभडक, चोचीच्या टोकाला आणि शेपटीच्या टोकाला लहान पांढरी खूण. इतकं नेमकं वर्णन! त्या काळ्या कोंबड्या अजून आहेत का?

रानजाई
इतिहासवेडा, तनाग्रा आमच्यापासून जवळच. आज त्या नावाने लोकांना आधी हवाई दलाचा तळ आठवतो, मग भाजलेल्या मातीच्या सुबक बायांच्या मूर्ती. काळ्या कोंबड्या त्या परिसरात दिसतात, आणि कुणी हौशी माणूस ‘हीच ती पौसानियसची’ असं अभिमानाने सांगतो. मला तो अभिमान समजतो. पण काळी कोंबडी पाहून अठराशे वर्षांचा वंश जोडणं मला पटत नाही. या भूमीवर रोमन आले, फ्रँक आले, उस्मानी राज्य झालं. १९२२-२३ च्या उलथापालथीत आशिया मायनरमधून दहा लाखांहून जास्त निर्वासित आले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यात असताना इथे इतकी उपासमार झाली की शहरांत माणसं रस्त्यावर मरून पडत होती. त्या दिवसांत कोणत्या घरची कोंबडी वाचली असेल, कोणती शेजारून पुन्हा आणली असेल, कोण सांगणार?

माझं म्हणणं असं की या कोंबडीला प्राचीन असण्याची गरजच नाही. आज ती या उन्हात, या कोल्ह्यांमध्ये, या डोंगरउतारावर स्वतःची पिल्लं वाढवते. जपायला एवढं कारण पुरेसं आहे. पौसानियसचं नाव लावलं की लोक फक्त काळ्या ठेवतील आणि तपकिरी, ठिपकेवाल्या, उघड्या मानेच्या रश्श्यात जातील. तेव्हा जे गमावू ते कुठल्याच जुन्या पुस्तकात लिहिलेलं नसेल.

गुरांचा_डॉक्टर
रानजाई ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला शास्त्राचा आधार आहे, तो मांडतो.

काळा रंग कोंबड्यांत जगभर दिसतो. काळा पक्षी दोन ठिकाणी दिसला म्हणजे नातं सिद्ध होत नाही, त्याला डीएनए तपासावा लागतो. उघडी मान मात्र विचार करण्यासारखी आहे. त्या जनुकाची एक प्रत असेल तर पिसं साधारण २० टक्के कमी, मानेच्या पुढच्या बाजूला एक झुपका राहतो. दोन प्रती असतील तर सुमारे ४० टक्के कमी आणि मान पूर्ण उघडी. उन्हाळ्यात ग्रीसमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा असा पक्षी शरीरातली उष्णता सहज बाहेर टाकतो. कुरूप दिसते म्हणून काढून टाकली तर उन्हाला उपयोगी पडणारी एक गोष्टच कळपातून जाते.

तुमच्या कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत का, ताई? असतील तर आपल्याशी एक खरं नातं निघतं. पिवळ्या कातडीचं जनुक पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्याकडून आलेलं नाही, ते राखी रानकोंबड्याकडून आलंय, असं २००८ च्या संशोधनात दिसलं. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः द्वीपकल्पात सापडतो. आपल्या सह्याद्रीत पहाटे जो ओरडतो तोच. म्हणजे कधीतरी इथल्या पाळीव कोंबड्यांमध्ये त्याचं रक्त मिसळलं आणि ते जगभर गेलं. युरोपात ते सर्रास झालं ते मात्र गेल्या काही शतकांत, असं जुन्या हाडांतल्या डीएनएवरून दिसतं. त्यामुळे पौसानियसच्या कोंबड्यांचे पाय पिवळे नसण्याचीच शक्यता जास्त.

रानजाई
डॉक्टर, काहींचे पिवळे, काहींचे पांढुरके, दोन-तीन काळपट. सह्याद्रीचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझं माहेर भोरचं, रानकोंबड्याची ती हाक लहानपणापासून कानात आहे. आज सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पिवळ्या पायाची एक पकडून नीट उलटी करून पाहिली.

भटकी
मी तुर्कस्तानात फिरले तेव्हा देनिझ्ली शहरात चौकात कोंबड्याचा मोठा पुतळा पाहिला. तिथला कोंबडा खूप लांब आरवतो म्हणतात. ग्रीसमध्ये तसा आहे का?

गुरांचा_डॉक्टर
देनिझ्लीचा कोंबडा एका दमात पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त आरवतो, आणि त्याच एका गुणासाठी लोकांनी तो पिढ्यानपिढ्या निवडला. ती घडवलेली जात झाली. या धाग्यात चाललंय ते नेमकं याच्या उलट. इथे माणसाने फारसं निवडलेलंच नाही, जगण्याने निवडलंय.

नंदुरबारकर
सगळं पटलं, पण एका ठिकाणी मी रानजाई ताईंच्या विरुद्ध बोलणार आहे.

आमच्या नवापूर भागात बुसरा कोंबडी आहे. आदिवासी घरांत पाळली जाते, अंगाने लहान, पांढऱ्यात काळी-तांबडी पिसं मिसळलेली. तिचीही कुणी कधी फारशी नोंद ठेवली नव्हती. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिला महाराष्ट्र-गुजरातची जात म्हणून नोंदवलं, तेव्हा कुठे सरकारी कागदावर तिचं अस्तित्व आलं. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला. पोल्ट्रीबरोबर घरोघरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. भरपाई पैशात मिळते, पण ज्या घरातला वाण गेला तो पैशाने परत येत नाही. त्या दिवसांत आमच्या आजूबाजूच्या बायांना मी रडताना पाहिलंय, आणि तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून म्हणतो, नाव हवं, वर्णन हवं, नोंद हवी. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी योजना नाही, राखीव कळप नाही, संकटात वेगळा विचार नाही. ‘कामावरून ओळखा’ हे ऐकायला छान आहे, पण कलेक्टर कचेरीत त्याचा रकाना नसतो.

इतिहासवेडा
नंदुरबारकर, तुमचा मुद्दा जड आहे. तो घेऊनच एक जुना उतारा सांगतो. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला. त्याच्या काळी तनाग्रा, ऱ्होड्स, खाल्किस या ग्रीक गावांच्या मोठ्या, लढाऊ कोंबड्यांना नाव होतं, किंमत होती. तो स्वतः मात्र शेतकऱ्याला सांगतो की कोंबडा हवा तर तो परदेशी घ्या, पण कोंबडी आपल्या गावचीच ठेवा. पिल्लांना बापाचं रूप मिळतं आणि आईकडून इथली सुपीकता. पुढे तो म्हणतो की ऱ्होड्सच्या जड कोंबड्या थोडी अंडी देतात आणि ती नीट उबवतही नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी साध्या कोंबडीखाली घालावी लागतात.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही नावाजलेल्या कोंबड्यांची पिल्लं बिननावाची कोंबडी काढत होती. लिहिणाऱ्यांनी नावं जपली ती पहिल्यांची. दुसरीला त्याने नुसतं ‘सामान्य’ म्हटलंय.

रानजाई
हा उतारा वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. सासूबाईंना ग्रीकमध्ये सांगितला, त्या म्हणाल्या, बरोबरच आहे, खुडूक कोंबडी मिळेना म्हणून गेल्या वर्षी शेजारणीने तिची विकतची महागडी अंडी आमच्याकडेच आणली होती.

नंदुरबारकर दादा, नवापूरचं वाचून वाईट वाटलं. नोंद नको असं माझं म्हणणं नाही. युरोपातही बर्ड फ्लूच्या लाटेत मोकळ्या कोंबड्या आत कोंडायचे आदेश निघतात, आणि तेव्हा सर्वांत आधी घरगुती पाळणारा कंटाळून पाळणं सोडतो. कागदावर त्या कोंबडीची वेगळी ओळख असती तर बरं झालं असतं, हे मलाही मान्य. माझी भीती आहे ती प्रदर्शनाच्या पद्धतीची. तुरा पाच दात्यांचाच, पाय याच रंगाचे, वजन अमुकच, शेंडी चालणार नाही. असं ठरवलं की पाळणारा पिल्लू बघतो, आई नाही बघत. खुडूक बसली का, किती पिल्लं जगवली, याला प्रदर्शनात गुण नसतात.

मग वर्णनच वेगळं लिहिता येईल का? रंग कोणताही, तुरा कोणताही, पायाचा रंग कोणताही. अट एवढीच की कोंबडी स्वतः उबवून पिल्लं वाढवणारी हवी, अंग हलकं, आणि निदान काही पिढ्या त्याच भागात, बाहेरचा कोंबडा न घालता चाललेला कळप हवा.

गुरांचा_डॉक्टर
असं करता येतं. गुणांची व्याप्ती लिहायची, एकच नमुना लिहायचा नाही. नंदुरबारकरांना हवी ती नोंद होते आणि ताईंना नको ती छाटणी होत नाही.

पण नोंदीहून मोठा धोका कळपाच्या आकाराचा आहे, त्याकडे लक्ष द्या. आनुवंशिक दृष्टीने कळप किती मोठा, हे डोकी मोजून कळत नाही. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर अधिक मादी, असं सूत्र आहे. एका कोंबड्यामागे दहा कोंबड्या ठेवल्या तर डोकी अकरा, पण प्रभावी संख्या साधारण ३.६. त्याच दहा कोंबड्यांना पाच कोंबडे ठेवले तर ती १३ च्या वर जाते. गावोगाव एकच देखणा कोंबडा ठेवून बाकीचे कापतात, आणि काही पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिल्लं अशक्त निघतात. लोक म्हणतात गावठी कोंबडीचा दम गेला. बऱ्याचदा त्यामागे रक्ताची जवळीक असते.

तळकोकणी
हे आमच्याकडे घडलेलं आहे. शेवटी मामाच्या गावचा कोंबडा आणला तेव्हा पिल्लं पुन्हा टणक निघू लागली.

रानजाई
डॉक्टर, हे आकडे ग्रीकमध्ये लिहून स्वयंपाकघरात लावते. सासूबाईंची रीत अशी: फेब्रुवारीच्या अखेरीला जी पहिली खुडूक बसेल तिच्याखाली वेगवेगळ्या कोंबड्यांची अंडी, नेहमी विषम संख्येत, प्रत्येकावर कोळशाची खूण, म्हणजे नंतर कुणी वर घातलेलं अंडं ओळखू येतं. आठवड्याने रात्री दिव्यापुढे धरून रिकामी काढून टाकायची. कोंबडा मात्र आजवर एकच. शेजारच्या दोन गावांत अजून जुना कळप असलेली घरं आहेत, एक डोंगराच्या पलीकडे. त्यांच्याशी कोंबड्यांची अदलाबदल करायची असं या आठवड्यात बोलणं झालंय. कोणती पिल्लं कुणाची, याची वही मी ठेवणार आहे, आणि त्यात रंगाच्या आधी ‘खुडूक बसली का, किती जगवली’ असे रकाने असतील.

गुरांचा_डॉक्टर
उत्तम. अदलाबदल करताना एक पाळाच. नवा कोंबडा आल्यावर तीन-चार आठवडे पूर्ण वेगळा ठेवा, त्याचं पाणी, भांडी वेगळी, आणि आधी आपल्या कोंबड्यांचं करून मगच त्याच्याकडे जा. विष्ठा पातळ, मान वाकडी, श्वासाला घरघर दिसली तर कळपात सोडू नका. आपण ज्याला मानमोडी किंवा राणीखेत म्हणतो तो रोग तिकडे न्यूकॅसल नावाने ओळखतात, त्याच्या लशीचे तिथले नियम स्थानिक पशुवैद्यकाला विचारा. उवा आणि लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) यांसाठी पंखाखाली आणि खुराड्यातल्या दांड्याच्या खालच्या बाजूला रात्री बॅटरी लावून बघा, माइट दिवसा सहसा सापडत नाहीत.

नंदुरबारकर
ताई, त्या वहीचे रकाने इथे टाका. आमच्याकडे बुसरा पाळणाऱ्या काही घरांत तशीच वही सुरू करतो, मराठीत आणि भिलीत. दोन्हीकडची माहिती सारख्याच रकान्यांत असली तर पुढे तुलना करता येईल.

रानजाई
टाकते. कोंबडीची खूण, जन्माचा महिना, आई, बाप कोणत्या घरचा, खुडूक कधी बसली, किती अंडी ठेवली, किती फुटली, तीन महिन्यांनी किती जगली, मेली तर कशाने. रंग, तुरा, पाय शेवटी. काही राहिलं असेल तर डॉक्टरांनी भर घालावी.